बोअरला तांबी

तिसरी घंटा झाली, पडदा वर गेला असं समजा. मंचाच्या मधोमध दगडी विहीर. उजवीकडे राधाचे कोथिंबिरीचे वाफे, आणि मागे आभाळ झाकून उभे असलेले अठरा मजल्यांचे चार टॉवर. साल दोन हजार सात, महिना मे. सोलापूर रस्त्यालगतची ही वाडी महापालिकेत गेली, आयटीवाले राहायला आले आणि विहिरीनं तळ दाखवला.

काठावरून वाकून पाहताहेत त्या मैनाबाई ओव्हाळ, निवृत्त नर्स. अठ्ठावीस वर्षं त्यांनी सायकलवरून कुटुंबनियोजनाचा प्रचार केला. पहिल्या सभेत त्या म्हणाल्या, "बायांनो, तांबी बसवून घ्या." दुसऱ्या दिवशी सात जणी घरातली पाणी प्यायची तांबी घासूनपुसून घेऊन हजर! फुकट बूड बसवून मिळणार, अशी त्यांची समजूत. मैनाबाई पोट धरून हसल्या आणि मग ही तांबी मूल थांबवण्यासाठी पोटात बसवतात, हे त्यांनी समजावून सांगितलं. सगळ्यांत आधी तयार झाली राधा. दोन मुलींवर थांबली, सासूचे टोमणे वीस वर्षं ऐकले. कारण मैनाबाईंनी याच काठावर शब्द दिला होता, "माणसं बेतानं वाढली, तर हे पाणी तुझ्या लेकींनाही पुरेल."

आज राधानं तो शब्द काढला. टॉवरच्या एसींचा गरम झोत अंगावर येत होता, कोथिंबीर पिवळी पडली होती.

"बाई, म्या दोनीवर थांबले. सारी वाडी थांबली. मग पानी कुठं गेलं?"

"त्यांच्या बोअरमध्ये. चारशे फूट खाली गेलेत ते."

"मग त्यांच्या बोअरला बसवा की तांबी!"

दोघी हसल्या. पण मैनाबाई हसता हसता उठल्या, पदर नीट केला आणि थेट सोसायटीच्या ऑफिसात गेल्या. दारं ठोठावण्याची सवय जुनीच होती.

सेक्रेटरी सौरभ, आयटी कंपनीतला तरुण इंजिनिअर. त्यानं अदबीनं खुर्ची दिली, गार पाणी दिलं.

"एक तरी बोअर बंद ठेवा," मैनाबाई म्हणाल्या. "माणसं फार वाढली हो."

"आजी, आमच्यामुळे नाही हं! तीनशे फ्लॅट आहेत, बहुतेकांना एकच मूल. काहींना तेही नको. तुमचंच काम करतोय आम्ही!"

मैनाबाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. घरटी दोन गाड्या, खोलीगणिक एसी, खाली पोहण्याचा निळाशार तलाव. अठ्ठावीस वर्षांचं पाठांतर त्यांनी मनात चाळून पाहिलं. सगळी वाक्यं लेकरांची. समोरचा माणूस मात्र दुसऱ्याच नाटकातलं बोलत होता. पाण्याचा पेला न उष्टावता त्या उठल्या.

राधा रिकामी कळशी घेऊन विहिरीवरच बसली होती.

"काय म्हनले?"

मैनाबाई तिच्या शेजारी टेकल्या.

"राधा, त्यांना एकेकच आहे गं. त्यांना आता मी काय सांगू?"