सगळे थांबे घेणारी गाडी

काकांनी आयुष्यभर शहराची बस चालवली, आणि तीही एकाच मार्गावर. शेवटच्या थांब्यावर समोर डोंगर दिसायचे. पानगळीच्या दिवसांत हवा स्वच्छ असली तर अगदी हाताशी आल्यासारखे. आणि नेमकी तिथेच बस वळवायची. "डोंगराला पाठ दाखवायचा पगार मिळतो मला," असं ते म्हणायचे. 'पुढच्या वर्षी नक्की जाऊ' हे त्यांचं वाक्य इतकं जुनं झालं होतं, की काकू ते त्यांच्याआधीच म्हणून टाकायची.

या वर्षी मी रजा काढली, मैत्रिणीचा तंबू मागून आणला आणि काकांसमोर नकाशा पसरला. गाडीने डोंगराच्या पायथ्याशी, तिथे मुक्काम, दुसऱ्या दिवशी पायी वरच्या तळ्यापर्यंत. निवृत्त माणूस एका मिनिटात कामावर रुजू झाला. आधी हॉलमध्ये तंबूची रंगीत तालीम झाली. फरशीत खुंट्या ठोकता येईनात, म्हणून एका कोपऱ्यावर इस्त्री ठेवली आणि दुसऱ्यावर कुकर. स्वयंपाकाची वेळ झाली तरी कुकर काही परत मिळेना. काकूने शेवटी तो उचलला आणि तंबू काकांच्या डोक्यावर बसला.

मग रस्ता आखणं. पेन्सिलीने काकांनी इतक्या खुणा केल्या की नकाशाला गोवर आल्यासारखं वाटायला लागलं.

"काका, इतके थांबे? आपली काय बस आहे?"

"माणसांना उतरावं लागतं, बाई. चहा लागतो, बाथरूम लागतं. आत्ता हस, रस्त्यात विचारीन."

पायथ्याशी पोचल्यावर मात्र पेन्सिल थांबली. तिथून तळ्यापर्यंतची पायवाट कोरीच राहिली.

"इथून पुढे तुम्ही दोघी जा. मी तंबू राखतो."

"म्हणजे खाली बसून उंटावरून शेळ्या हाकणार!" काकू म्हणाली. गेल्या वर्षी काकांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरांनी चढायला मनाई केली नव्हती. दमादमाने जा, धाप लागली की बसा, एवढंच सांगितलं होतं. पण काका हसले नाहीत. "दर दहा पावलांवर बसणार मी. माझ्यासाठी कोणी खोळंबायला नको."

खोळंबायला! मला तर आमच्या घरासमोरचा थांबाच आठवला. आईबाबा गेल्यावर या दोघांनी मला घरी आणलं, आणि सकाळी शाळेला मी काकांच्याच बसने जायची. रोज फाटकापाशी माझ्या बुटाची नाडी सुटायची. मी खाली बसून ती बांधत राहायची आणि भरलेली बस उभी. लोक घड्याळं बघायचे, कुरकुरायचे. काका मागे वळून एवढंच म्हणायचे, "येतेय पोरगी." मला कधी कोणी मागे सोडून गेलं नाही, आणि या घरात मी उपरी आहे असं कधी वाटलं नाही. एवढं मिळाल्यावर माणूस आणखी काय मागणार?

मी काकांच्या हातून पेन्सिल घेतली. पायवाटेवर पूल होता, तिथे एक खूण केली. सपाट खडकापाशी दुसरी, वळणावर तिसरी, अशा थेट तळ्यापर्यंत करत गेले.

"हे काय?"

"ही गाडी सगळे थांबे घेणार आहे. आणि पुलावर तुम्ही दिसेपर्यंत सुटणार नाही."

"अगं, पण उशीर होईल."

"कोणी कुरकुरलं तर सांगेन, येताहेत काका."

काकूला अचानक स्वयंपाकघरात काहीतरी काम निघालं. मग काकांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, पेन्सिल परत घेतली आणि पुलाच्याही अलीकडे, पायवाट जिथे सुरू होते तिथेच, आणखी एक खूण केली.

"इथे कशाला? अजून चढ सुरूसुद्धा झाला नाही."

"इथे हवाच," काका म्हणाले. "तुझी नाडी सुटेल."