सगळ्या मशिनींवर एकच

शेलूबाजारच्या विहारातल्या अभ्यासिकेला, शहरात नोकरीला लागलेल्या गावच्या लोकांनी जुने कॉम्प्युटर पाठवले आणि ते लावायचं काम माझ्याकडे आलं. मी मंगरूळपीरच्या एका शाळेत कॉम्प्युटर शिकवते. अभ्यासिका माझी आत्या सांभाळते. नर्स म्हणून निवृत्त झालेली, आणि कोणत्याही गोष्टीला आधी ‘काहून?’ विचारणारी.

विंडोजच्या जागी लिनक्स टाकायचं, एवढं ठरलं होतं. फुकट मिळतं, जुन्या मशिनीवर चालतं. पण त्याचे प्रकार पाहून आत्या चक्रावली.

“आतून सगळे सारखेच हायेत म्हणतेस. मंग इतके काहून?”

“ज्यानं त्यानं आपल्या मनासारखं मांडलं, आत्या.”

“मंग आपल्या मनासारखं कोणतं?”

ते करूनच पाहावं लागणार होतं. घरच्या एका लॅपटॉपवर काहीही चालून जातं. खोलीभर मशिनी लांबून, एकटीनं सांभाळायच्या म्हणजे वेगळी गोष्ट. म्हणून तीन मशिनींवर तीन प्रकार टाकले आणि सुटीच्या दिवशी मागच्या बाकावर बसून नुसती पाहत राहिले.

पोरं आधी सगळ्यात देखण्या प्रकारावर तुटून पडली. पण जुन्या मशिनीला तो पेलवेना. एक फाईल उघडेपर्यंत बाहेर जाऊन पाणी पिऊन यावं. दुसऱ्यात सारखं काहीतरी नवं यायचं. एका अपडेटनंतर त्यातला मराठी कीबोर्डच गायब झाला आणि टायपिंगची तयारी करणारी एक मुलगी रडकुंडीला आली. तिसरा दिसायला अगदीच साधा, वर्षानुवर्षं फारसा न बदलणारा. पुढच्या रविवारी त्याच्यापुढे नंबर लागले होते. तोच सगळीकडे टाकला.

“आता सगळ्यात पुढच्या मशिनीवरून हुकूम दिला की बाकीच्या ऐकतात,” मी आत्याला सांगितलं. तिचा विश्वास बसेना. मग सगळ्या पडद्यांवर एकदम ‘जय भीम’ झळकवलं. आत्या प्रत्येक पडद्याजवळ जाऊन वाचून आली. कोपऱ्यातली एक मशीन मात्र गप्प. दोघी खाली वाकलो, तर कोणीतरी तिची वायर बोर्डातून काढून तिथं मोबाईलचा चार्जर लावलेला.

“मले शिकव हे,” आत्या म्हणाली. शिकवलं.

दोनेक दिवसांनी संध्याकाळी तिचा फोन आला.

“बंद करायचा हुकूम देऊन पाह्यला व माय! साऱ्या एका दमात बंद!” मग आवाज खाली आला. “पण एक पोरगा सराव परीक्षा देऊन राह्यला होता.”

“आत्या!”

“मले फक्त पाह्याचं होतं, खरंच होते का.”

मला हसू आवरेना. तिनं त्याची मशीन पुन्हा सुरू करून दिली होती, पेपर पहिल्यापासून लावून दिला होता आणि आता त्याच्या शेजारीच बसली होती.

“बरं, सांग,” ती हळूच म्हणाली, “एक सोडून बाकीच्या बंद करता येतात का?”