वकिलाची फी कुणाच्या बिलात?

आमची आत्त्या अपार्टमेंटात तळमजल्याला राहते. शिवणकाम करते. कॉलेजसाठी गडहिंग्लजवरनं आल्यापास्नं मीबी तिच्याकडंच असतोय.

सोसायटीनं लिफ्ट दुरुस्तीची वर्गणी काढली आणि आत्त्यानं ती भरली न्हाय. "मी काय लिफ्टनं पाताळात जाऊ व्हय?" असा तिचा सवाल. वर्गणी थकत गेली. मग सोसायटीनं वकील लावला आणि दारात नोटीस आली. नोटीस बघून आत्त्या नरमली, भरते म्हणाली. पण कमिटी म्हणते, वकिलाची फी पण तुम्हीच भरायची. ती फी वर्गणीपेक्षा मोठी! पिको-फॉलच्या मशीनसाठी आत्त्यानं साठवलेलं सगळं त्यात जाणार होतं. ब्लाउजं शिवून तिची मान गेलीय. साड्यांचं काम आलं तर जरा बरं, म्हणून ते मशीन.

तिनं चार ठिकाणी विचारून एक गोष्ट काढली. फी तिच्या बिलात लावायची तर सभेत ठराव व्हायला पाहिजे. एकानं मांडायचा, दुसऱ्यानं अनुमोदन द्यायचं.

रविवारी सकाळी पार्किंगात सभा होती. निघताना आत्त्यानं दम दिला, "तिथं कुणाची नक्कल केलीस तर जेवायला मिळायचं न्हाय." चेअरमनचा आवाज मी असा काढतोय की त्यांचं कुत्रं माझ्याकडं शेपूट हलवत येतंय.

मी गप्पच बसलोतो. पण चहा यायला वेळ लागला, आणि चेअरमनच म्हणाले, "काय रे, काल फुटबॉलच्या मॅचला गेलतास न्हवं? त्या माइकवाल्याचा आवाज काढ की जरा."

मी आत्त्याकडं बघितलं. तिनं कपाळाला हात लावला. म्हणजे परवानगीच.

खुर्चीवर चढलो, नाक दाबलं. "प्रेक्षकांना नम्र विनंती, भिंतीवर बसलेल्यांनी खाली उतरावे! आणि पंचांनी पेनल्टी दिलेली आहे!"

बास! सेक्रेटरी ताडकन उठले. "कसली पेनल्टी? त्यो गडी आपणहून पडलाय!"

"आपणहून?" चेअरमनचा चेहरा लाल. "पाय घातला तुमच्यातल्यानं! तुमच्या पेठेला डोळं हाईत का न्हाईत?"

आता आमच्यात माणूस कुठल्याबी बिल्डिंगीत राहू दे, फुटबॉलला त्यो आपल्या पेठेच्या टीमचाच. कालची मॅचबी दोन पेठांचीच. आणि अख्ख्या अपार्टमेंटात त्या दुसऱ्या पेठेचं एकटं सेक्रेटरीच. चहा आला तवर सगळं पार्किंग त्यांच्या अंगावर.

तशातच सेक्रेटरींनी कागद झटकला. "गप्प बसा! विषय पहिला. वकिलाचा खर्च तळमजल्याच्या ताईंच्या बिलात लावावा, असा ठराव मी मांडतो. अनुमोदन कोण देतंय?"

आत्त्यानं माझं मनगट धरलं. बांगड्या रुतल्या मला.

सगळी चहा फुंकत बसली.

"अहो, द्या की कुणीतरी!"

"पेनल्टी होती म्हणा, मग देतो," मागनं कुणीतरी म्हणालं.

"मेलो तरी म्हणणार न्हाय!"

"मग बसा खाली," चेअरमन म्हणाले. "वकील तुम्ही आणलाय, तुमचं तुम्ही निस्तरा. अनुमोदन न्हाय, ठराव पडला. लिहा, फी सोसायटीच्या फंडातनं."

फंड म्हणजे त्या सगळ्यांचंच पैसे. पण त्या टायमाला ते कुणाला दिसंना. सेक्रेटरींनी रागारागात ते लिहिलं, आणि खाली चेअरमनची सही झाली. आत्त्या लगेच उठली. "थकलेली वर्गणी मी आत्ता भरते. पावती द्या." दिली की.

घरात आलो. आत्त्या म्हणाली, "जेवायला तुझं तू वाढून घे, बाबा." आणि फॅन मोठा करून जी आडवी झाली, ती दिवेलागणीलाच उठली. दुपारची झोपलेली मी तिला कधी बघितलीच न्हवती.