उतार कुठल्या दिशेला?

तिचं नाव मी विचारलं नाही, पण ती आठवली की आजही मान खाली जाते.

मानोऱ्याजवळच्या तांड्यात, सातबाऱ्यावर नाव असलेल्या बायकांना मी उताराला आडवी पेरणी शिकवत होते. ही म्हातारी पुढेच बसलेली. पावसानं बांधाशी वाहून आलेली माती ती दरवर्षी घमेल्यानं पुन्हा वर नेऊन टाकते, असं शेजारीण म्हणाली.

"बाई, तुमच्या नावावर वावर हाये?" म्हातारीनं विचारलं.

"आहे, शिरपूरला."

"कोनीकडं उतरते?"

बाबांनी दिलेलं ते वावर मी कधी पाहिलंच नव्हतं. "पूर्वेकडं," मी ठोकून दिलं.

"मंग पेरनीचे तास दक्षिन-उत्तर धरजा," म्हणत ती वाकली आणि माझ्या खोट्या उताराला काडीनं आडव्या रेघा मारून दाखवू लागली.