कारणाचा रकाना

शिलाई मशीन आजारी पडली की मशीनकाका जिन्यात उभे राहूनच, नुसत्या आवाजावरून तिचं दुखणं सांगतात. "वहिनी, खाली दोरा गुंतलाय. आणि तेल शेवटचं कधी दिलं होतंत?" वहिनी ओशाळतात. पुढच्या दहा मिनिटांत मशीन सुरू. चाळीस वर्षं हा माणूस असाच दुरुस्त्या करत हिंडतोय, शर्टाच्या खिशात स्क्रू-ड्रायव्हर आणि लांब चोचीची तेलाची कुपी घेऊन. पेन एखाद वेळी विसरेल, कुपी नाही.

अशा माणसाचं स्वतःचं विमान महिन्याभरात तिसऱ्यांदा तळ्यात पडलं आणि का पडलं ते त्याला सांगता येईना!

विमान खेळण्यातलं म्हणाल तर काका दोन दिवस बोलणार नाहीत. हातभर लांबीचं, रिमोटवर चालणारं, पाण्यावरून उडून पाण्यावरच उतरणारं. चाकांऐवजी खाली दोन पोकळ लाकडी होड्या. होड्यांच्या मागच्या टोकांना पाण्यात वळायला इवलीशी सुकाणू. सगळं काकांनी घरी बांधलेलं. रेडिओ तेवढा मेहुण्याने बसवला, कारण मेहुणा वायरमन आहे आणि ते कुणाला विसरू देत नाही.

तिन्ही वेळा तमाशा तोच. विमान पाणी कापत झकास धावायचं, वर उठायचं आणि मग नाक आभाळाकडे करून जे लटकायचं, ते एका अंगावर कलंडून धपकन खाली.

"भावजी, सिग्नल फर्स्ट क्लास होता," मेहुणा काठावरून म्हणाला.

"असणारच. तू बसवलाय म्हटल्यावर सिग्नल देवमाणूस!"

"तसं नाही. रिमोटची काडी जरा जास्त ओढली गेली असेल तुमच्याकडून. हात... होतं असं वयात."

काकांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की तो बुटाची नाडी बांधायला वाकला.

विमानवाल्यांच्या क्लबात एक वही असते. पडलेल्या प्रत्येक विमानापुढे कारण लिहायचं. सेक्रेटरी निवृत्त गणिताचे सर, त्यामुळे रकाना रिकामा सोडायची सोय नाही.

"पहिल्यांदा तुम्ही लिहिलंत, वारा," सर चष्म्यावरून म्हणाले. "त्या दिवशी पान हलत नव्हतं. दुसऱ्यांदा, बॅटरी. बॅटरी भरलेली निघाली. आता काय लिहू?"

"शोधतो."

"रविवारपर्यंत शोधा. नाहीतर नियम तुम्हाला ठाऊक आहे, तिसऱ्यांदा कारण नाही तर रिमोट दुसऱ्याच्या हातात. मेहुणे उडवतील. तुम्ही बांधत जा. बांधता सुरेखच."

ते 'सुरेखच' काकांना आठवडाभर टोचत राहिलं.

सोमवारी त्यांनी विमान उकललं. मोटर ठीक. वायरी ठीक. शेपटीची फळी लोण्यासारखी हलत होती. पंखांखाली दोन बोटं धरून तोल पाहिला, तर विमान ताटासारखं सपाट. मंगळवारी पुन्हा तेच, बुधवारी पुन्हा तेच, फक्त आदळआपट जास्त. आजार नसलेल्या रोग्यावर डॉक्टर चिडावा तसे काका विमानावर चिडले. "बोल की काहीतरी!" असं ते विमानाला म्हणाले, तेव्हा स्वयंपाकघरातून काकू म्हणाल्या, "मला म्हणालात?"

खरी गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. हल्ली सुईत दोरा ओवायला दुसरा प्रयत्न लागायचा. दार लोटून घेऊन त्यांनी पाण्याने काठोकाठ भरलेला पेला हातात धरून पाहिला. पाणी हललं की नाही, हे ठरवता येईना. विमानात दोष नसेल तर दोष कुठे उरतो, हे कळायला गणिताचे सर लागत नाहीत.

गुरुवारी काकू चादर घेऊन समोर उभ्या राहिल्या.

"हे बघा. तिसरी चादर."

"अगं, मी कशात आहे, तू काय दाखवतेस!"

"तुमच्याच विमानाचे प्रताप दाखवतेय. ओलं घरात आणायचं नाही म्हणून रविवारी गॅलरीत नाकाला दोरी बांधून टांगता ना? सोमवारी सकाळी मी खाली चादर वाळत घालते. विमान वरून कोरडं ठणठणीत, आणि माझ्या चादरीवर टिपूस टिपूस. पाण्याचं असतं तर वाळून गेलं असतं. हा डाग तेलाचा आहे."

काकांनी चादर हातात घेतली. वास घेतला. चाळीस वर्षांची ओळख होती त्या वासाशी.

ते उठले, विमानाच्या होड्या सोडवल्या आणि कपडे भिजवायच्या टबात दाबून धरल्या. दोन्हींच्या मागच्या टोकाशी, सुकाणूच्या स्क्रूजवळून बुडबुडे निघाले. बुडुक. बुडुक.

सुकाणू महिन्यापूर्वी नवी बसवलेली. स्क्रूभोवती त्यांनी पाणी शिरू नये म्हणून गोंद भरला होता. पण त्याआधी स्क्रूला तेलाचा थेंब दिला होता, आणि मग दर रविवारी एकेक. तेलकट लाकडाला गोंद धरतो कुठे? विमान तळ्यात ताटकळलं की होड्यांत पाणी शिरायचं. नाक वर झालं की ते सगळं मागे धावायचं, शेपूट जड, नाक आणखी वर. आणि घरी तपासायला घेईपर्यंत गॅलरीत सगळं पाणी गळून गेलेलं! पुरावा काकूंच्या चादरीवर.

"सापडलं ना? मग तोंड का असं?" काकूंनी विचारलं.

"दोषी मेहुण्याचा रेडिओ निघाला असता तर काय बिघडलं असतं?" काका करवादले.

स्क्रू काढून, तेलकट लाकूड तासून, नवा गोंद भरून त्यांनी सुकाणू कोरडी बसवली. हात दोनदा आपोआप खिशाकडे गेला. कुपी काकूंनी पर्समध्ये टाकली होती.

रविवारी त्यांनी वहीत लिहिलं, 'मालकाने स्क्रूला तेल दिले.'

सरांनी वाचलं. "म्हणजे दोष हातांचाच."

"हातांचाच. पण थरथरून नाही, सर. सवयीने."

सरांनी रिमोट त्यांच्याकडे दिला. विमान धावलं, उठलं, नाक सरळ धरून शहाण्यासारखं दोन फेऱ्या मारून पाण्यावर उतरलं. मेहुणा म्हणाला, "सिग्नल बघा, फर्स्ट क्लास!" त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

काठाकडे येताना कोरडं सुकाणू कुरकुरायला लागलं. कुईं, कुईं. जिन्यातून मशीनचं दुखणं ओळखणाऱ्या माणसाला ते ऐकू येणार नाही असं होईल का? काकांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी पर्सची चेन ओढून बंद केली.