दाखल्यावरचं नाव

जर्मनीत कार्ल्सरूहेच्या आपोथेकेत, म्हणजे औषधांच्या दुकानात, मी नवऱ्यावर पहिल्यांदा खरी चिडले. तेही ते समोर नसताना.

नाताळात स्ट्रासबुर्गला जायचं होतं. तिथे धाकट्या बहिणीचं सीझर झालेलं, बाळ नऊ दिवसांचं, आणि तिचा नवरा अजून शिकणारा, त्याला साधा भात लावता येत नाही. आई यायची होती, पण कोरोनात तिचा व्हिसा अडकला. माहेरचं माणूस म्हणजे मीच. ट्रेनने तास-दीड तास, पुढे नदीच्या पुलावरून ट्राम, की फ्रान्स. एरवी लोक नुसते ब्रेड आणायलाही पलीकडे जातात. तेव्हा मात्र लशीचा क्यूआर कोड लागायचा. नाहीतर जाताना टेस्ट आणि परत आल्यावर क्वारंटाइन.

माझ्या दोन्ही लशी गावाकडे झाल्या होत्या. तो कागद दाखवला की आपोथेकेत कोड मिळतो, असं कळलं. आमच्या इमारतीत पीएचडी करणाऱ्या एक ताई आहेत, त्या सोबत आल्या. माझं जर्मन तेव्हा 'दांके' आणि 'च्युस', म्हणजे थँक्यू आणि बाय, एवढंच. काउंटरवरच्या बाईंनी कागद पाहिला, पासपोर्ट पाहिला, पुन्हा कागद पाहिला आणि मान हलवली.

"त्या म्हणतायत, ही दोन वेगळी माणसं आहेत," ताई म्हणाल्या.

"मीच आहे दोन्ही."

"मला माहितीय गं. पण नाव, मधलं नाव, आडनाव, काहीच जुळत नाही. जन्मतारीख तेवढी एक आहे."

खरंच होतं. लग्नात नवऱ्याने ताटातल्या तांदळात अंगठीने माझं नवं नाव लिहिलं. सासऱ्यांनी आधार त्याच नावाने करून घेतलं आणि लस आधारवर मिळाली. पासपोर्टच्या वेळी एजंटला जन्माचा पुरावा हवा होता. माझ्याकडे आठवीतून शाळा सोडल्याचा दाखला तेवढा होता. त्यावर माझं नाव आणि माझ्या बापाचं नाव. पासपोर्टवर तेच आलं, लग्नाच्या सर्टिफिकेटवरही तेच. नाव बदललं की गॅझेटमध्ये द्यावं लागतं म्हणे. नाव बदलायची हौस सगळ्यांना होती, कागद करायची कोणालाच नव्हती.

नवरा रेस्टॉरंटमध्ये तंदूरवर असतो. दुपारी जेवायला घरी आले तेव्हा सांगितलं.

"हात्तिच्या," ते हसले. "मीच ठेवलेलं नाव आणि मलाच नडलं."

"तुम्हाला कुठे नडलं? मला नडलं."

"अगं, मग पुढच्या वर्षी जा. मी पण येईन."

"बाळंतीण पुढच्या वर्षापर्यंत पडून राहणारे का?"

"आणि क्वारंटाइनमध्ये बसलीस की भांड्यांवर कोण उभं राहणार? मालक काय म्हणतील?"

त्यांनी मला इथे आणलं, मालकांना सांगून त्याच किचनमध्ये काम मिळवून दिलं. ते उपकार मी विसरत नाही. म्हणूनच राग घशापर्यंत यायचा आणि तिथेच बसायचा. त्या दिवशी नाही बसला.

"मला कोणी विचारलं होतं का, नाव आवडलं का म्हणून? माझं आधीचं काय वाईट होतं?"

"सगळ्यांचीच बदलतात गं," असं म्हणून त्यांनी ताट पुढे ओढलं.

मालकांना मीच सांगितलं. ते म्हणाले, सहाव्या दिवशी टेस्ट दाखवून कामावर ये. एवढ्याशा गोष्टीसाठी मी चार रात्री तळमळले होते.

टेस्टचा फॉर्म मी स्वतः भरला, एकेक अक्षर पासपोर्टवर बघून. पुलाच्या पलीकडे ट्राममध्ये पोलीस चढले. एकाने टेस्टचा कागद आणि पासपोर्ट शेजारी धरले आणि लगेच परत दिले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्याला वाटलं असेल, बाई घाबरली. मी घाबरले नव्हते, मला सगळ्यांचा संताप आला होता.

दुसऱ्या दिवशी बहिणीच्या बाथरूममध्ये खाली बसून, पाय पसरून, बाळाला पायांवर आंघोळ घालत होते. सासूबाईंचा फोन आला. बहिणीने तो माझ्या कानाशी धरला.

"कोणाला विचारून गेलीस?"

"आई, बाळाच्या डोक्यावर पाणी घालतेय. ठेवते."

"अगं, पण नंतर फोन कर."

"बरं," म्हटलं. नंतर क्वारंटाइनच्या पाच दिवसांत वेळच वेळ होता. फोन मी केला नाही.