मातीची नळी

मंगळवारी सकाळी साडेनऊला सुजाताबाई गेल्या. त्यांच्या भाचीचा फोन आला तेव्हा मी नारायण पेठेतल्या माझ्या खोलीत पेपर वाचत होतो. फोन ठेवला आणि पेपर पुढे वाचत राहिलो... दुसरं काय करायचं ते सुचेना.

आम्ही एकाच कॉलेजात होतो. त्या सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत, मी ग्रंथपाल. त्यांच्या प्रयोगशाळेत जिवाणूंच्या नळ्या रांगेने ठेवलेल्या असत. नळीतलं अन्न संपलं की जिवाणू मरतात, म्हणून दर महिन्याला कणभर उचलून ताज्या नळीत न्यायचे. हे काम त्या दिवाळीच्या सुट्टीतही चुकवत नसत. आम्ही दोघंही एकटे, त्यामुळे मीही जाऊन बसायचो. "एक मधोमध दुभंगतो, दोन होतात," त्या सांगायच्या. "आई कोण, लेक कोण, कळत नाही. मागे प्रेत उरत नाही."

"म्हणजे लग्नाशिवाय संसार," मी एकदा म्हणालो.

"अहो ग्रंथपाल, तुम्ही पुस्तकं मोजा."

पुढे सगळ्यांनाच संगणक शिकायचा होता. प्रयोगशाळेच्या जागी संगणककक्ष आला. नळ्यांतले जिवाणू वाफेच्या दाबाखाली ठेवून मारायचे होते. ते बाईंनी स्वतःच्या हाताने केलं. एक जिवाणू मात्र वाचवला. मातीतला, निरुपद्रवी. उपासमार झाली की तो जाड कवचात स्वतःला मिटून घेतो आणि कोरड्या मातीत वर्षानुवर्षं तसाच राहतो. त्या मातीची बंद नळी त्यांनी मला दिली. "जपून ठेवायची सवय तुम्हालाच. मी निवृत्त झाले की चिमूटभर माती पोषक रसात टाकून बघू, जागा होतो का."

त्या निवृत्त झाल्या, मीही झालो. बघणं राहून गेलं.

जायच्या आदल्या दिवशी, सोमवारी संध्याकाळी, हॉस्पिटलात त्यांनी विचारलं, "नळी उघडलीत?"

त्यांना बरं वाटावं म्हणून मी हो म्हणालो. "रस गढूळ झाला."

"वर साय धरली?"

"नाही... साय नव्हती."

"मग तो माझा नव्हे. माझा साय धरतो. उघडताना दुसरंच काही शिरलं असेल."

मी खोटं बोललो, एवढंच म्हणायचं होतं. तेवढ्यात नर्स आली, भेटीची वेळ संपली. उद्या सांगू म्हटलं.

गेल्या आठवड्यात नळी घेऊन त्यांच्या एका विद्यार्थिनीकडे गेलो. मार्केट यार्डाजवळ तिची अन्नपदार्थ तपासायची प्रयोगशाळा आहे. तिने चिमूटभर माती रसात टाकली. तिसऱ्या दिवशी फोन आला, "सर, येऊन बघा." रसावर सुरकुतलेली, पांढरट साय धरली होती. "बाईंचाच आहे हो," ती म्हणाली, आणि चष्मा काढून पुसत बसली.

बाईंना सांगायचं राहिलं. नळी माझ्या टेबलावर आहे. तिच्यात अजून अर्धी माती आहे.